जंगलात जाऊन नेमकं करायचं काय?

वनस्नान म्हणजे अंघोळ नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. टॉवेल न्यायचा का, असं दोन पत्रांत अगदी गंभीरपणे विचारलं आहे. १९८२ साली जपानच्या वनखात्याचे तेव्हाचे प्रमुख तोमोहिदे अकियामा यांनी ‘शिनरिन-योकू’ हा शब्द पुढे आणला. शिनरिन म्हणजे जंगल, योकू म्हणजे न्हाणं. सूर्यस्नानात ऊन अंगावर घेतात, तसं इथे जंगल घ्यायचं. या विषयावर आलेल्या पत्रांतली काही निवडून त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

प्रश्न : मी रोज सकाळी वेताळ टेकडीवर पाऊण तास भरभर चालते. कानात हेडफोन असतात, घड्याळात पावलं मोजते. हेही वनस्नानच झालं ना? तरी ऑफिसात पोचेपर्यंत डोकं पुन्हा जड होतं. (पुणे, वय ४१)

हा व्यायाम झाला. चांगला व्यायाम आहे, तो सोडू नका. पण भरभर चालताना नाडी वाढते, लक्ष घड्याळाकडे असतं आणि कान तर तुम्ही घरूनच बंद करून निघालेल्या असता. टेकडी फक्त पायांना कळते.

मिशिगन विद्यापीठातल्या मेरीकॅरल हंटर यांच्या गटाने २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. शहरात राहणाऱ्या ३६ जणांना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, किमान दहा मिनिटं झाडापानांत जायला सांगितलं आणि आधी-नंतरच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. २० ते ३० मिनिटांच्या मुक्कामात ते सगळ्यात वेगाने उतरलं. त्यापुढेही उतरत राहिलं, पण सावकाश. त्यांच्या अटी पाहण्यासारख्या आहेत : दिवसाउजेडी जायचं, फोन नाही, वाचन नाही, गप्पा नाहीत आणि दमवणारा व्यायामही नाही. तुमच्या फेरीत यातली पहिली अट तेवढी पाळली जाते.

आठवड्यातला एकच दिवस वेगळा ठेवा. रविवारी दीड तास पुरे. न्यायचं ते एवढंच : पाऊण लिटर पाणी, घडी होणारं बसकर, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मोजे, बूट. फोन बरोबर असू द्या (एकट्या असाल तर हवाच), पण विमान मोडवर टाकून ९० मिनिटांचा गजर लावा आणि पिशवीच्या तळाशी ठेवा. गजर नसला तर दर पाच मिनिटांनी किती वाजले ते पाहावंसं वाटतं.

पहिली दहा मिनिटं चालायचंच नाही. पायवाट सुरू होते तिथे उभं राहायचं. तळव्यांखाली माती आहे की खडी, वारा कोणत्या गालाला लागतोय, ऊन कुठवर आलंय, एवढं पाहायचं. पुढची पंचवीस मिनिटं चाल, पण इतकी हळू की त्यात दोनशे-अडीचशे मीटरच्या पुढे जाणार नाही. श्वास घेताना दोन पावलं, सोडताना तीन. मोजणं जमेना तर सोडून द्या. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लागला की पुरे. नेहमीचे फिरायला येणारे मागून येतील आणि ‘बरं नाही का?’ विचारतील. हसून त्यांना पुढे जाऊ द्या.

मग एक झाड निवडा. त्याच्याजवळ वीस मिनिटं : साल, सालीवरचे मुंगळे, खोडाला हात, खाली पडलेलं एखादं पान चुरगळून त्याचा वास. चीक निघणाऱ्या झाडांना हात लावू नका. बिब्ब्याच्या चिकाने कातडी भाजल्यासारखी फोडाळते, आणि सह्याद्रीत बिब्बा बऱ्याच ठिकाणी आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वेलींवर तपकिरी, मखमली शेंगांचे घोस दिसले तर ती खाजकुइली. तिच्या वाऱ्याच्या खालच्या बाजूलाही थांबू नका. चुकून लागली तर चोळू नका. चिकटपट्टी लावून लव उपटून काढा, मग धुवा.

त्यानंतर पंचवीस मिनिटं बसणं. सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि लोक नेमका हाच गाळतात. माणूस आला की पाखरं गप्प होतात. पंधरा-वीस मिनिटं हललं नाही तर ती आपापल्या कामाला लागतात : तांबटाची टुकटुक सुरू होते, शिंपी झुडपात शिरतो, कोतवाल फांदीवरून झेप घेऊन त्याच फांदीवर परततो. हे दिसायला लागलं की बैठक बरोबर चालली आहे असं समजा. शेवटची दहा मिनिटं पाणी पिऊन शांतपणे परतायचं.

जागेबद्दल एक सूचना. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची एकसुरी दाट लागवड बरीच झाली आहे. सावली मिळते, पण आत विशेष काही घडत नाही. त्यापेक्षा जिथे गवत, काटेरी झुडपं आणि चार जातींची झाडं मिसळलेली आहेत अशा कडेला बसा. तिथे पाहायला आणि ऐकायला कितीतरी जास्त असतं.

प्रश्न : सांगितल्यासारखं बसून पाहिलं. दहाव्या मिनिटाला चुळबुळ सुरू होते, आणि गप्प बसलं की कर्ज, साहेब, मुलीची दहावी सगळं एकदमच वर येतं. घरी असतो तेव्हा निदान टीव्ही तरी असतो. (ठाणे)

तुम्ही डोळे मिटून बसत असाल असा आमचा अंदाज आहे. ध्यानाची सवय नसलेल्याने जंगलात डोळे मिटले की समोरचं जंगल जातं आणि मागे राहतं ते कर्ज. वनस्नान उघड्या डोळ्यांनीच करायचं.

रेचेल आणि स्टीफन कॅपलन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने याचं कारण फार चांगलं उलगडलं आहे. हिशेब, गाडी चालवणं, मीटिंग यांत आपण लक्ष जोर लावून धरून ठेवतो, आणि ते थकतं. पानांची सळसळ, पाण्यावरचं ऊन, मुंग्यांची रांग यांच्याकडे लक्ष आपोआप जातं, पण ते सगळं लक्ष ओढून घेत नाहीत, त्यामुळे थकलेल्या भागाला विसावा मिळतो. टीव्हीसुद्धा लक्ष खेचतो, पण सगळंच खेचतो. म्हणून दोन तास पाहूनही माणूस उठताना मरगळलेला असतो.

तेव्हा मनाला हलकं काम द्या. पाच वेगवेगळे आवाज शोधा आणि प्रत्येकाची दिशा ठरवा. मग त्यातला सगळ्यात दूरचा आवाज धरून ठेवा. तो हरवला की जवळचा. रिक्षाचा हॉर्न आला तर तोही मोजा, त्याच्यावर चिडत बसलात तर तुमची बैठक तिथेच संपली. यानंतर समोरची वीतभर जमीन निवडा आणि दहा मिनिटं तेवढीच पाहा. पहिल्या दोन मिनिटांत ‘काहीच नाही’ असं वाटतं. चौथ्या-पाचव्या मिनिटाला एखादी मुंगी स्वतःपेक्षा मोठं काहीतरी ओढताना दिसते.

विचार येणारच. आला की मनात त्याला नाव द्यायचं, ‘कर्ज’, आणि पुन्हा आवाजाकडे यायचं. हे वीसदा करावं लागलं तरी चालतं. ते परत येणं हाच सराव आहे. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१५ साली एका गटाला ९० मिनिटं गवताळ, झाडीच्या भागात आणि दुसऱ्याला रहदारीच्या रस्त्याकडेने चालवलं. पहिल्या गटातल्या लोकांचं तेच ते मनात घोळवणं कमी झालं, आणि त्याच्याशी जोडलेल्या मेंदूच्या भागातली हालचालही उतरली. नव्वद मिनिटं होती, हे ध्यानात असू द्या. तुम्ही दहाव्या मिनिटाला निकाल लावत आहात. पहिले तीन-चार आठवडे वीसच मिनिटं ठेवा, पण पुरी करा.

काही जणांना मात्र शांतता खरोखरच सोसत नाही. छाती धडधडते, घाम येतो, जुना एखादा प्रसंग डोळ्यांपुढे येतो. तसं होत असेल तर हट्टाने बसू नका. उठून चालायला लागा, पुढच्या वेळी कुणाला तरी बरोबर घ्या आणि झाडीऐवजी उघड्या, माणसांच्या वावरातल्या बागेतून सुरुवात करा. तरीही होत राहिलं तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : जंगलात गेल्याने कॅन्सरशी लढणाऱ्या पेशी वाढतात असा संदेश फिरतोय. त्याच आधारावर ‘हिनोकी तेला’चा डिफ्यूझर (तेलाचा वास हवेत सोडणारं यंत्र) अडीच हजारांना विकतात. घ्यावा का? (नाशिक)

संदेशाच्या मुळाशी खरं संशोधन आहे, शेंडा मात्र विक्रेत्याने लावला आहे. टोकियोच्या निप्पॉन मेडिकल स्कूलमधले डॉ. छिंग ली यांनी २००५ साली १२ पुरुषांना तीन दिवस इइयामाच्या जंगलात नेलं. त्यांच्या रक्तातल्या ‘नॅचरल किलर’ पेशींची सक्रियता वाढलेली आढळली. पुढे शहरातल्या सहलीशी तुलना करून पाहिली, तिथे ती वाढ नव्हती. आणि जंगलातून आल्यावर काही अंशी ती महिनाभर टिकली. हिनोकी म्हणजे जपानी सायप्रस. त्याचं तेल हॉटेलच्या खोलीत रात्री हवेत सोडूनही त्यांनी १२ जणांवर प्रयोग केला आणि परिणाम त्याच दिशेचा मिळाला.

पण माणसं बारा-बारा. रक्तातल्या पेशी काही दिवस जास्त सक्रिय होणं आणि कॅन्सर टळणं यांत फार मोठं अंतर आहे, आणि ते कुणीही पार करून दाखवलेलं नाही. ताणाबद्दलचा पुरावा त्यामानाने रुंद आहे. चिबा विद्यापीठातल्या योशिफुमी मियाझाकी यांच्या गटाने जपानभरच्या २४ जंगलांत २८० तरुणांवर मोजमापं घेतली. शहराच्या तुलनेत जंगलात कॉर्टिसॉल, नाडी आणि रक्तदाब कमी भरले.

झाडं हवेत सोडतात त्या द्रव्यांना ‘फायटनसाइड’ म्हणतात. हा शब्द रशियन शास्त्रज्ञ बोरिस टोकिन यांनी १९२८ साली वापरला. पाइन, सायप्रस अशा सूचिपर्णी झाडांत अल्फा-पायनीनसारखी द्रव्यं भरपूर असतात. आपल्याकडे तसं जंगल हिमालयात. उत्तराखंडच्या वनखात्याने २०२१ साली रानीखेतजवळ कालिका इथे पाइनच्या रानात ‘फॉरेस्ट हीलिंग सेंटर’ सुरू केलं ते म्हणूनच. सह्याद्रीत ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा. त्यांच्या हवेची घडण वेगळी, त्यामुळे हिनोकीचे आकडे उचलून भीमाशंकरला लावता येत नाहीत. सावली, आवाज, संथपणा यांचा फायदा मात्र झाडाची जात विचारत नाही.

डिफ्यूझर नको. घरात दमेकरी असेल तर त्रास होऊ शकतो. आणि निलगिरी किंवा कापराचं तेल लहान मुलाच्या पोटात गेलं तर झटके येतात, म्हणून अशा बाटल्या नेहमी कुलपात. अडीच हजारांत वर्षभर एसटीने जवळच्या डोंगरावर जाऊन येता येईल.

प्रश्न : डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहते. सासूबाईंचं करावं लागतं, जंगल सोडा, बागेतही रोज जमत नाही. खिडकीसमोर एक बदाम आणि एक नारळ आहे. माझ्यासारखीने काय करावं?

बदाम चालेल. १९८४ साली रॉजर उलरिक यांनी ‘सायन्स’मध्ये एक छोटा पण गाजलेला निबंध लिहिला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. २३ जोड्यांचा अभ्यास होता, म्हणून त्याच्यावर डोंगर रचायला नको. पण ते रुग्ण फक्त पाहत होते, एवढं तुमच्या कामाचं आहे.

रोज एकच वेळ धरा, सासूबाईंचा दुपारचा डोळा लागतो ती. खुर्ची खिडकीशी, मोबाइल दुसऱ्या खोलीत, पंधरा मिनिटं. बदामाला पाहायला पुष्कळ असतं : पानं गळण्याआधी लाल होतात, मग बोडक्या फांद्यांवर पालवी फुटते, फळं धरली की पोपट आणि रात्री वटवाघळं. वहीत रोज एक ओळ लिहा, ‘आज तिसऱ्या फांदीवर दोन लाल पानं’ एवढीच. सासूबाई जाग्या असतील तर त्यांनाही खिडकीशी बसवा. दोघींची पानं मोजण्यात चुरस लागली तर उत्तम.

आठवड्यातून दोन तास असा एक आकडा तुम्ही वाचला असेल. तो इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीतून २०१९ साली आला. आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक स्वतःची तब्येत चांगली असल्याचं अधिक प्रमाणात सांगत होते, मग ती मिनिटं एकाच दिवशी असोत की तुकड्यातुकड्यांत. मुळात ज्यांची तब्येत बरी तेच बाहेर पडतात, हेही त्यात मिसळलेलं आहे. त्यामुळे दोन तास भरले नाहीत म्हणून हळहळू नका. ताण घालवायला काढलेल्या वेळाचाच ताण घेण्यात काय अर्थ?

प्रश्न : नागपुरात मार्चनंतर सागाची सगळी पानं झडतात, रान खराट्यासारखं होतं. उन्हाळाभर बंद ठेवायचं का?

बंद नको, वेळ आणि जागा बदला. एप्रिल-मेमध्ये पहाटे साडेपाचला सुरू करून साडेसातला घरच्या वाटेला लागा. सागाचं रान सोडून नाल्याकाठचं करंज, जांभूळ, अर्जुन शोधा, ती हिरवी राहतात. अंबाझरीचा परिसर किंवा सेमिनरी हिल्स जवळ पडेल (तिथे ‘जपानी गार्डन’ही आहे, पण वनस्नान म्हणून फक्त तिथेच जाऊ नका, शेजारची झाडी जास्त बरी). फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र झडलेलं रानच पाहण्यासारखं असतं. पळस फुलतो, मधासाठी पाखरांची झुंबड उडते, आणि वाळक्या सागपानांवर सरडा चालला तरी माणूस आल्यासारखा आवाज होतो. कान तयार करायला याहून चांगला हंगाम नाही.

तीन गोष्टी सांभाळा. हा वणव्याचाही काळ असतो, काडी किंवा विडी आत नेऊ नका, आणि धूर दिसला तर वाऱ्याला आडवं होऊन आधी रस्त्यावर या. मोहफुलं पहाटे गळतात, त्यांचा वास ओढून घेतो. पण अस्वलालाही तो ओढतो. अस्वलांच्या भागात पहाटे मोहाखाली जाऊन बसू नये, मोहफुलं वेचणाऱ्यांवर हल्ले होतात ते याच वेळी. तिसरी गोष्ट पावसाळ्यानंतरची. २०१८ साली नागपूर भागात स्क्रब टायफसची साथ आली होती. गवत-झुडपांतल्या बारीक माइटच्या चावण्याने हा ताप येतो. ऑगस्टपासून हिवाळा लागेपर्यंत गवतावर थेट बसू-लोळू नका, शर्ट काढून झुडपावर टाकू नका, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका. आठ-दहा दिवसांनी ताप आला आणि अंगावर, विशेषतः काखेत किंवा जांघेत, न दुखणारी काळी खपली दिसली तर डॉक्टरांना ‘रानात गेलो होतो’ हे आपणहून सांगा. वेळेत कळलं तर साध्या प्रतिजैविकाने तो बरा होतो.

ताडोबा किंवा पेंचमध्ये पायी वनस्नान होत नाही. तिथे गाडीतून उतरायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

प्रश्न : आम्ही सावंतवाडीचे. जंगल दाराशीच आहे, पण माकडतापाची भीती वाटते.

भीती रास्त आहे. क्यासानूरच्या जंगलात १९५७ साली कर्नाटकात प्रथम सापडलेला हा ताप २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्ग भागात आला. तो गोचिडांमार्फत पसरतो. साधारण नोव्हेंबर ते मे या काळात गोचिडांची बारीक पिल्लं पातेऱ्यात, म्हणजे पाचोळ्यात, असतात आणि ती डोळ्याला सहज दिसतही नाहीत. म्हणून तुमच्याकडे वनस्नानाचा उत्तम हंगाम पावसाळा आणि त्यानंतरचे काही आठवडे. जळवा लागतील, पण जळू रोग देत नाही. मीठ लावलं की सुटते.

कोरड्या महिन्यांत जायचंच तर रुंद, झाडलेल्या वाटेने जा. पातेऱ्यात बसणं नाही, झाडाला टेकणं नाही. पँट मोज्यांत खोचा, फिकट रंगाचे कपडे घाला म्हणजे गोचीड दिसेल. उघड्या अंगाला डीट (किडे-गोचिडी दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम, किंवा आरोग्य केंद्रातून मिळतं ते डीएमपी तेल लावा. आल्याबरोबर साबण लावून गरम पाण्याने अंघोळ, आणि कानामागे, काखेत, गुडघ्यामागे तपासणी. गोचीड चिकटलेली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, चटका, पिळणं यांपैकी काही नको. मेलेलं माकड दिसलं तर त्या बाजूला फिरकू नका आणि लगेच आरोग्य केंद्राला कळवा. ती त्या भागातली पहिली खूण असते. आठवडाभरात अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी आली तर अंगावर काढू नका. ज्या गावात त्या वर्षी रुग्ण सापडले असतील तिथे जायचंच नाही.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे, गुडघे दुखतात, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. भोरजवळ आमच्या गावाला देवराई आहे. तिथे नेलं तर?

यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा आजूबाजूचे डोंगर तुटून उघडे पडले असताना देवाच्या नावाने राखलेल्या या तुकड्यांत जुनी झाडं आणि मांडीएवढ्या जाड वेली टिकलेल्या त्यांना दिसल्या. गारंबीसारखा वेल खाली बसून वर पाहत राहावा असाच असतो.

आधी गुरवाला किंवा गावातल्या जाणत्यांना भेटा. चपला कुठे काढायच्या, कुठवर जायचं, कोणत्या दिवशी जायचं नाही, हे प्रत्येक देवराईचं निराळं असतं. खाली पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही, हा नियम मात्र बहुतेक ठिकाणी आहे, तेव्हा वडिलांना आधाराची काठी घरूनच न्या.

दोनशे मीटरच्या आतली सपाट जागा बघा. खाली बसवू नका; गुडघ्याच्या उंचीची, पाठ असलेली घडीची खुर्ची न्या. बसवण्याआधी काठीने पाचोळा आणि दगड हलवून पाहा, कोकणाकडच्या कातळात फुरसं आणि घाटावर घोणस अशाच जागी पडून असते. चाळीस मिनिटं पुरे. रक्तदाबाच्या गोळ्यांवरचा माणूस बराच वेळ बसून एकदम उठला की चक्कर येते. म्हणून उठताना आधी पाय हलवायचे, मग खुर्चीच्या कडेला मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावूनच न्या, किंवा वास आणि स्पर्शावर भर द्या : ओल्या सालीला हात, ओल्या मातीचा वास. त्यांना बोलावंसं वाटलं तर बोलू द्या. जुन्या माणसाला झाडांची नावं आठवायला लागली की ती थांबवून मौन पाळायला लावणं म्हणजे अतिच झालं.

प्रश्न : महिनाभर नियमित जातोय, झोप सुधारली. नैराश्याची गोळी बंद करू का? (कोल्हापूर)

नाही. झोप सुधारली हे डॉक्टरांना सांगा, मात्रा कमी करायची का आणि किती, ते तेच ठरवतील. अशा गोळ्या एकदम थांबवल्या तर चक्कर, बेचैनी येते आणि आजार उलटू शकतो. मधल्या काळात मन फार खचलं तर ‘टेली मानस’चा १४४१६ हा सरकारी, मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : आमच्या कंपनीतल्या तीस जणांना एक दिवस वनस्नानाला न्यायचं माझ्याकडे आलंय. कार्यक्रम कसा आखू? (पिंपरी-चिंचवड)

तीस जणांचं वनस्नान होत नाही, सहल होते. दहा-दहाचे तीन गट करा, गटांमध्ये अर्ध्या तासाचं अंतर, प्रत्येक गटाला पुढे एक आणि मागे एक वाट माहीत असलेला माणूस. येणं ऐच्छिक ठेवा. सक्तीने आणलेला माणूस शनिवारची सुट्टी गेली म्हणून झाडाकडे पाहत उसासे टाकतो.

मिसळ परत आल्यावर. आधी दिलीत तर बसल्याबसल्या अर्धे पेंगतील. स्पीकर, सामूहिक घोषणा, कंपनीचा फलक धरून फोटो, सगळं फाटकाबाहेर. पहिल्यांदा येणाऱ्यांना सलग पंधरा मिनिटांपेक्षा जास्त मौन देऊ नका. तीनदा पंधरा मिनिटं द्या, मध्ये प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं : काय पाहिलं किंवा ऐकलं. ‘मला काय शिकायला मिळालं’ हे विचारू नका, लगेच मीटिंग सुरू होते.

अत्तर आणि सेंट लावून येऊ नये, हे निमंत्रणातच लिहा. कड्याला किंवा उंच झाडाला आग्या मोहोळ असेल तर उग्र वास आणि धूर यांनी ते उठतं. आदल्या दिवशी स्वतः जाऊन वर पाहून या. माश्या उठल्याच तर हात झटकायचे नाहीत, तोंड-मान कापडाने झाकून सरळ पळत सुटायचं आणि गाडीत किंवा खोलीत शिरायचं; पाण्यात उडी नको. काटे नखाने खरवडून काढा. पुष्कळ चावल्या असतील, किंवा एकच चावूनही श्वास लागत असेल, तर १०८.

प्रश्न : ऑफिस सुटल्यावर सात वाजता आरे कॉलनीत बसलं तर चालेल? (गोरेगाव)

नाही चालणार. तो बिबट्याचा भाग आणि बिबट्याची वेळ. उकिडवं किंवा मांडी घालून बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. त्यापेक्षा सुट्टीच्या सकाळी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तिकीट काढून, चांगलं उजाडल्यावर, मुख्य रस्त्यालगतच्या बाकावर बसा. सोमवारी उद्यान बंद असतं.

प्रश्न : आम्ही दोघं नागोयाला नोकरीला आहोत. जिथे हे सुरू झालं ते आकासावा पाहावं असं वाटतं. कसं आणि कधी?

आकासावाच्या रानासाठी नागानो प्रांतातल्या किसो खोऱ्यातलं आगेमात्सु गाव गाठा. नागोयाहून ‘शिनानो’ गाडी त्याच दिशेने जाते. ती आगेमात्सुला थांबत नसेल तर किसो-फुकुशिमाला उतरा. पुढे बस; आगेमात्सुहून अर्ध्या तासाची. वसंताच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच हे रान खुलं असतं, हिवाळ्यात बर्फामुळे बंद. मे-जूनची कोवळी पालवी किंवा ऑक्टोबर चांगला, शनिवार-रविवार टाळा.

तिथली हिनोकी तीनशे वर्षांच्या आसपासची आहेत. इसेचं देऊळ दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात, त्याला लागणारं लाकूड किसोच्या रानातून जात आलं आहे, म्हणून ती राखली गेली. आपल्याकडच्या देवराईशी याचं नातं लागतं, फक्त तिथे देवासाठी झाड तोडायचं म्हणून राखलं आणि इथे तोडायचं नाही म्हणून. लाकूड वाहणाऱ्या जुन्या छोट्या रेल्वेतून फेरी मारता येते, पण ती शेवटी मारा. आधी ओढ्याकाठची सपाट वाट धरा. वाटा बऱ्याच आहेत. त्या सगळ्या एका दिवसात उरकायच्या नादात दिवस जातो, तेव्हा एकच निवडा आणि डबा ओढ्यापाशी खा. हवा थंड असते, मेमध्येही एक स्वेटर हवा.

अस्वलं आहेत, म्हणून तिथले लोक पिशवीला घंटी बांधतात. शांततेसाठी जाऊन दिवसभर किणकिण ऐकायची, हे सुरुवातीला विचित्र वाटेल. चालताना घंटी मोकळी सोडा. गजबजलेल्या जागी बाकावर बसलात की मुठीत धरा. परतीची शेवटची बस दुपारीच निघू शकते, तिची वेळ उतरतानाच थांब्यावर पाहून ठेवा.